घाटशर्यतीचं शिंग

मयूरीचा फोन आला तेव्हा भिकाजी एका टेम्पोखाली उताणा पडून गिअरबॉक्सचे बोल्ट सोडवत होता. हात ग्रीसनं भरलेले. त्यानं कोपरानंच फोन छातीवर ओढून घेतला आणि आवाज मोठा केला.

“मामा, ते शिंग बघायचं आसंल तर आजच या. उद्या फॉरेस्टची मानसं घरातल्या सामानाची यादी करायला येऊलालेत. त्याच्या आदी आमी ते चुलीत घालनार.”

भिकाजी असा दचकून उठला की कपाळ टेम्पोच्या लोखंडावर आपटलं.

“जाळू नको बाई! मी निघालोच बघ.”

टेम्पोवाल्याला त्यानं कसंबसं सांगितलं, गाडी उद्या मिळंल. हात धुतले न धुतले, ओम्नी काढली आणि जोयड्याच्या रस्त्याला लागला. रामनगरपासून गुंद, आणि गुंदच्या पुढं रानात तीन मैल आत फुलाआजीची पाच घरांची वाडी. मयूरी ही तिची नातसून. तिचा नवरा मोटरसायकल दुरुस्तीला भिकाजीच्या गॅरेजात यायचा, आणि दोन वर्षांपूर्वी त्यानंच बोलता बोलता सांगितलं होतं की घरात एक गव्याचं शिंग आहे, त्याला चांदीची पट्टी आहे, पट्टीवर इंग्रजी अक्षरं आहेत आणि आजी म्हणते की ते मोटारीच्या शर्यतीत मिळालंय.

त्या दिवसापासून भिकाजीच्या डोक्यात त्या शिंगानं घर केलं होतं. दोनदा तो वाडीवर जाऊन आला. दोन्ही वेळा फुलाआजीनं चहा दिला, केळी दिली, आणि शिंग काही दाखवलं नाही.

भिकाजीला हे वेड कुठून लागलं ते सांगायला हवं. त्याचा जन्म जुन्या सुप्याचा. काळी नदीवर धरण झालं, गाव पाण्याखाली गेलं आणि त्याच्या घरच्यांना रामनगरला आणून वसवलं. तो तेव्हा विशीतला. नांगर धरायला जमीन धड नव्हती, म्हणून एका ओळखीच्या ड्रायव्हरबरोबर तो मद्रासला गेला आणि एका वर्कशॉपात चिकटला. तिथं शोलावरमच्या जुन्या विमानाच्या धावपट्टीवर शर्यतीत पळणाऱ्या गाड्या तयार व्हायच्या. तिथला म्हातारा तमिळ मेस्त्री निवृत्त झाला तेव्हा त्यानं भिकाजीला बोलावून एक मळकी कापडी पट्टी हातात ठेवली. शर्यतीच्या दिवशी मेकॅनिक लोक दंडाला बांधायचे ती, अगदी सुरुवातीच्या वर्षांतली. “माझ्या घरी ही पायपुसणं होईल. तू ठेव,” म्हातारा म्हणाला.

ती पहिली. मग भिकाजी रामनगरला परतला, नाक्यावर गॅरेज टाकलं, लग्न केलं, आणि त्या पट्टीच्या शेजारी एकेक वस्तू येत गेली. बेळगावच्या जुन्या बाजारात मिळालेला चामड्याचा गॉगल. गोव्यातल्या एका घराच्या माळ्यावरून आणलेला गाडीचा पत्र्याचा नंबर. छापील कार्यक्रमपत्रिका, प्रवेशाचे पास, एक बंद पडलेलं स्टॉपवॉच, जे त्यानं तीन महिने खटपट करून चालू केलं. स्वतःचं गाव डोळ्यांदेखत बुडालेलं बघितलेल्या माणसाला जुनी वस्तू टाकवत नाही, असं तो कधी कुणाला बोलून दाखवायचा नाही, पण होतं तसंच. प्रत्येक वस्तूला त्यानं दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधली होती: कुणाची, कुठून आली, कुणी दिली. जिचं मूळ ठाऊक नाही ती वस्तू तो घरातच आणत नसे. बाकी सगळ्यात तो ढिला माणूस होता. चिठ्ठीच्या बाबतीत नाही.

“लोकांच्या घरात देव वाढत्यात, आमच्या घरात भंगार,” असं त्याची बायको बायजा येईल त्याला ऐकवायची. पण गॉगलला बुरशी येऊ नये म्हणून पावसाळ्यात तो चुलीवरच्या फळीवर तीच ठेवायची.

वाडीवर पोचला तेव्हा घराची अर्धी आवराआवर झालेली होती. भांडी पोत्यात बांधलेली, कणगी रिकामी करून अंगणात उलटी घातलेली. पाचही घरांनी रानाबाहेर जायला संमती दिली होती. उद्या यादी, मग पैसे, मग रामनगरच्या बाजूला नवीन घर. फुलाआजी पडवीत भिंतीला टेकून बसली होती आणि मयूरी हातात गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी धरून उभी होती.

“बघा आन सांगा काय करायचं,” मयूरी म्हणाली. “माझा तर जीव थाऱ्यावर न्हाई. वाघनखाचं लॉकेट घातलं म्हनून मानसं आत गेलेली पेपरात वाचली म्या. हे तर अख्खं शिंग. उद्या सापडलं तर घर बी गेलं आन पैसं बी गेलं.”

भिकाजीनं गोणपाट सोडलं. काळंभोर, मनगटाएवढं जाड, टोकाकडं वळलेलं शिंग. तोंडाला चांदीची कड, खाली उभं राहायला चांदीचे तीन पाय, आणि मधोमध दोन बोटं रुंद पट्टी. धुरानं चांदी काळी पडली होती. त्यानं थुंकी लावून शर्टाच्या टोकानं पुसलं. अक्षरं वर आली. घाटचढणीची शर्यत. त्याखाली एकाखाली एक चार सालं आणि चार नावं. पहिली तीन साहेबांची. चौथं १९३७, आणि त्यापुढं फक्त एवढंच: लखू, ड्रायव्हर.

भिकाजीनं साल पुन्हा पुसून वाचलं. शोलावरमच्याही कितीतरी आधीचं. आणि ह्याच रानातलं.

“माझो मांव,” फुलाआजी म्हणाली. मांव म्हणजे सासरा. “खाणीच्या सायबाची मोटार चालवायचा. सगळे सायब मिळून वरसाला एक दिवस घाटात मोटारी पळवीत. घड्याळ लावून. त्या वरसाला आमच्या सायबाला हिवताप भरला, अंथरुणातनं उठवेना. तर तो म्हणाला, लखू, तू घेऊन जा. मांव गेला आन सगळ्यांपरास बेगीन वर पोचला. मग सायबांची भांडणं लागली, चाकराचं नाव लिवायचं कसं? आमचा सायब हट्टाला पेटला, त्यानं लिवून घेतलं. लढाई लागली तेव्हा तो गेला, परत आला न्हाई. शिंग मांवाकडं ऱ्हायलं.”

“मग आजी, इतके दिवस मला दाखवलं का न्हाईसा?”

“तू मागशील म्हणून.”

म्हातारीनं बरोबर ओळखलं होतं. तो मागणारच होता.

“आता ने,” म्हातारी म्हणाली. “जाळण्यापरास तुझ्याकडं असूं दे. खरं कुणाचं म्हणून कुणी विचारलं तर नाव सांग.”

शिंग घेतल्यावर काय काय होऊ शकतं हे भिकाजीला कळत नव्हतं असं नाही. सबंध तालुक्यात रानगव्याचं शिंग घरात ठेवणं म्हणजे काय ते पोरासोरांनाही माहीत. जुन्या वस्तू सरकारला कळवायची मुदत होती, ती कधीच सरली होती. सरळ वनखात्याच्या ऑफिसात नेऊन द्यावं, हेही त्याच्या मनात येऊन गेलं. पण हातात आलेली ती वस्तू सोडवेना. ओम्नीच्या मागच्या भागात हत्यारांचं पोतं होतं, त्याच्या खाली त्यानं शिंग सरकवलं, वरून जुने ब्रेकचे तुकडे टाकले आणि निघाला.

वाटेत वनखात्याचा तपासणी नाका. रोज शंभर वेळा त्याचा अडथळा वर-खाली होतो आणि भिकाजीची ओम्नी तिथं कुणी कधी उघडून बघत नाही, कारण नाक्यावरची गाडी तोच दुरुस्त करतो. आज अडथळा खाली होता, आणि बाजूला वनखात्याची जीप बॉनेट उघडून उभी होती. जीपशेजारी रेंज ऑफिसर राजेश्वरी मॅडम. तीन महिन्यांपूर्वीच बदलून आलेली, धारवाडकडची, तिचं मराठी कन्नडात बुडवून काढलेलं.

“बरं झालं आलं तुम्ही, अण्णा,” ती म्हणाली. “जीप बंद पडलं. स्टार्ट होईना.”

भिकाजी खाली उतरला. त्यानं इंजिनावर वाकून बघितलं, पंप दाबला, फुसफुस आवाज आला.

“डिझेलला हवा धरलीया, मॅडम. हवा काढाय पायजे.”

“मग काढा की.”

“पाना...” एवढंच भिकाजी बोलला. पाना पोत्यात होता.

“मी आणतो मामा, तुम्ही थांबा,” गार्ड महाबळेश्वर म्हणाला आणि ओम्नीच्या मागच्या दाराकडं चालू लागला. तो याच भागातला, रानात वाढलेला माणूस. गव्याचं शिंग त्यानं अंधारात हात लावूनही ओळखलं असतं.

“न्हाई, न्हाई! तुला सापडायचा न्हाई. तिथं सगळं उलटंपालटं हाय.” भिकाजी जवळजवळ धावलाच. महाबळेश्वरनं तोवर दार वर उचललं होतं. दोघं शेजारी शेजारी उभे राहिले. पोतं समोर. ब्रेकच्या तुकड्यांखालून गोणपाटाचं एक टोक बाहेर आलेलं, आणि त्या टोकात काहीतरी वळलेलं, टोकदार.

“किती भंगार घेऊन फिरता हो मामा,” महाबळेश्वर हसून म्हणाला आणि त्यानं ब्रेकचा एक तुकडा उचलून बघितला.

भिकाजीनं पोत्यात हात घातला. बोटांना पकड लागली, स्क्रूड्रायव्हर लागला, हवा तो पाना काही लागेना. मान वळवायची त्याची छाती नव्हती. शेवटी पाना हाताला आला. त्यानं तो ओढून काढला, पोतं गोणपाटावर लोटलं आणि दार खाली ओढलं.

हवा काढायला एरवी पाच मिनिटं लागतात. त्या दिवशी स्क्रू त्याच्या हातून दोनदा निसटून मातीत पडला. मॅडम शेजारी उभी राहून बघत होती.

“तब्येत बरं नाही काय, अण्णा?”

“ऊन लागलंय जरा.”

जीप चालू झाली. मॅडमनं अडथळा वर करायला सांगितलं. भिकाजी ओम्नीत बसला, किल्ली फिरवली, आणि मॅडम खिडकीशी येऊन सहज बोलून गेली: “उद्या मी त्या वाडीवर जाते बघा, गुंदच्या पुढं. त्या म्हातारीशी नीट बोलायचंय. सगळे म्हणतात, जुन्या गोष्टी खूप सांगते.”

भिकाजी अडथळ्याखालून बाहेर पडला. सुटलो, असं वाटायला हवं होतं. वळण ओलांडून तो दोन फर्लांग गेला असेल, आणि त्यानं गाडी कडेला घेतली.

म्हातारी सांगणार. ती लपवणारी बाई नव्हतीच. कुणी विचारायचा अवकाश, ती सासऱ्यापासून सुरू करणार आणि ‘भिकाजी घेऊन गेला’ इथवर येणार. मग तो चोर ठरणार, ते घर चोर ठरणार, आणि यादीतून नाव उडालं तर त्या घरातली माणसं जाणार कुठं? आणि समजा, नाहीच कळलं कुणाला. तरी ते शिंग तो ठेवणार कुठं? माळ्यावर, गोणपाटात. चिठ्ठी लिहायची ती कुणी वाचायची?

भीती किती आणि चांगुलपणा किती, हे त्याला स्वतःलाही नंतर कधी नीट सांगता आलं नाही. त्यानं ओम्नी वळवली.

नाक्यावर पोचल्यावर त्यानं काही न बोलता मागचं दार उघडलं, गोणपाट काढलं आणि जीपच्या बॉनेटवर ठेवलं. महाबळेश्वरचं हसू जागच्या जागी विरलं.

“कुठलं हे?” मॅडमनं विचारलं. आवाज एकदम वेगळा झाला होता.

“माझं,” भिकाजी म्हणाला. “माझ्या बाचं. सुपा बुडालं तवा आमी घरातनं आनलेलं. जमा करायला आनलंय.”

“मघाशी का नाही सांगितलं?”

“भ्यालो.”

हे तेवढं खरं होतं.

दुपारी दोन वाजता जीप भिकाजीच्या दारात लागली. घरात आणखी काही आहे का ते बघायला मॅडम स्वतः आली, बरोबर महाबळेश्वर आणि दोन पंच. शेजारपाजारचे लोक कुंपणाशी जमले. बायजानं पदर खोचला आणि दारात उभी राहिली.

“काय केलासा?” तिनं नवऱ्याला विचारलं.

“आत येऊ दे त्यांना.”

पत्र्याच्या दोन पेट्या अंगणात आल्या. तीस-पस्तीस वर्षांत जमवलेलं सगळं सतरंजीवर मांडलं गेलं. चामड्याची प्रत्येक वस्तू महाबळेश्वर उलटीसुलटी करून, हुंगून बघत होता. एका चामडी टोपीच्या आत केस लावलेले दिसले तेव्हा त्यानं मॅडमकडं बघितलं. “मेंढी,” महाबळेश्वर जरा वेळानं म्हणाला. स्टॉपवॉचच्या डबीची मूठ पांढरी होती. हस्तिदंत? मॅडमनं ती उन्हात धरली, नखानं खरवडली. हाड निघालं, बैलाचं. प्रत्येक वस्तूपाशी ती चिठ्ठी वाचायची, न कळेल तिथं विचारायची, भिकाजी सांगायचा. कुणी दिलं, कुठल्या सालचं. आवाज सपाट, जणू तो दुसऱ्याच्याच घरच्या वस्तूंची माहिती देत होता.

शेवटी ती शिंगाकडं वळली. पट्टीवरची नावं वहीत उतरवून घेतली. मग आत काही आहे का बघावं म्हणून तिनं शिंग तिरकं केलं, टोकाकडून हलकेच ठोकलं, आणि आतून एक जाड कागदाची सुरळी सतरंजीवर पडली. कडा वाळवीनं खाल्लेल्या.

भिकाजी अभावितपणे पुढं झाला. “हळू! मॅडम, हळू उलगडा. मोडंल ते.”

कार्ड होतं, छापील रेघांचं. त्यात शाईनं भरलेला मजकूर: निघण्याची वेळ, पोचण्याची वेळ, मिनिटं, सेकंद, खाली दोन सह्या. शर्यतीच्या दिवशी घड्याळवाल्यानं स्वतः लिहिलेलं वेळेचं कार्ड. भिकाजीनं अशा कार्डाबद्दल फक्त ऐकलं होतं. ते समोर पडलं होतं, आणि त्याचं काळीज एका बाजूनं नाचत होतं आणि दुसऱ्या बाजूनं बुडत होतं, कारण मॅडम ते मोठ्यानं वाचत होती.

“ड्रायव्हर लखू वेळीप. गाव...” तिनं वाडीचं नाव वाचलं. गुंदच्या पुढची तीच वाडी. तिनं मान वर केली. “तुमच्या वडिलांचं नाव काय, अण्णा?”

भिकाजी सतरंजीवरच्या चिठ्ठ्या सरळ करू लागला.

“रेशनकार्ड आणा.”

बायजानं आणलं. वडिलांचं नाव म्हादू. आडनाव वेगळं, गाव वेगळं.

“मग लखू कोण?”

भिकाजीनं सतरंजीकडं बघत मान हलवली. “मला काय म्हाईत न्हाई. शिंग माझं हाय. लिवायचं ते लिवा.”

मॅडमनं वही मिटली. तिच्या चेहऱ्यावर ना राग होता, ना दया. “उद्या सकाळी दहाला ऑफिसला या. लिहून द्यायचं. खोटं लिहून दिलं तर माझ्या हातात काही राहत नाही, समजलं?”

रात्री बायजा त्याला एवढंच म्हणाली, “तुमी कुनाला वाचवूलालासा ते मला ठावं हाय. पन वाचवाय तुमी कोन?”

सकाळी भिकाजी ऑफिसात जाऊन बाकावर बसला. टेबलावर कागद तयार होता, शेजारी लाखेचं सील लावलेलं शिंग. मॅडमनं पेन पुढं केलं. त्यानं ते घेतलं. ‘सदर शिंग माझे वडील’ एवढं लिहून झालं होतं, तेव्हा बाहेर जीप थांबल्याचा आवाज आला, पाठोपाठ काठीचा. दारात फुलाआजी उभी होती. एका बाजूनं मयूरीनं धरलेलं, दुसऱ्या बाजूनं महाबळेश्वर. मॅडमऐवजी तोच सकाळी यादीसाठी वाडीवर गेला होता, आणि म्हातारीनं त्याला यादी करूच दिली नव्हती.

“भिकाजी खंय आसा?” तिनं विचारलं. तो दिसल्यावर काठी टेकत थेट त्याच्यासमोर आली. भिकाजी उभा राहिला.

“तुझ्या बानं जिंकलं काय रे ते?”

“आजी, तुमी कशाला आलासा? मी निस्तारतो हे.”

“काय निस्तारतोस? घाटात मोटार चढवली माझ्या मांवानं. सायब लोकांनी त्याचं नाव पुसायला बघितलं, त्यांना जमलं न्हाई. आन तू पुसतोस? तुला सांगितलं नव्हतं मी, कुणी विचारलं तर नाव सांग म्हणून?”

आयुष्यभर एकेका वस्तूला खरी चिठ्ठी बांधणारा माणूस, आणि सगळ्यात मोठ्या वस्तूला त्यानं आपल्याच बापाचं नाव डकवलं होतं. चांगल्यासाठी का होईना, डकवलं होतं. त्यानं पेन खाली ठेवलं.

मयूरी रडत होती. “आजी, घर जाईल गं आपलं.”

“जाऊं दे. ओ बाई,” म्हातारी मॅडमकडं वळली, “शिंग आमचं. मी लग्न होऊन आले तेव्हापासून चुलीवर टांगलेलं. माझ्या मांवानं गवा मारला न्हाई, सायबानी मारला असंल, त्याला मोटार चालवल्याचं मिळालं. ह्यानं मागितलं न्हाई, मीच दिलं. लिहा.”

भिकाजीनं अर्धवट लिहिलेला कागद मॅडमनं फायलीत लावला. फाडला नाही. नवा कोरा कागद काढला आणि महाबळेश्वरला म्हणाली, “आजीला खुर्ची द्या.” त्यानंतर तास-दीड तास म्हातारी सांगत होती आणि मॅडम लिहीत होती. कार्डावरचा मजकूर आणि म्हातारीचं सांगणं तिनं ओळीओळीनं ताडून बघितलं. घाटाचं नाव, साहेबाचं नाव, साल. सगळं जुळलं. शेवटी तिनं पंचांसमोर शिंगावरची पट्टी, कड आणि पाय पेचकसानं सोडवून घेतले, आणि प्राण्याचा अवयव वेगळा, धातू वेगळा, कागद वेगळा अशा तीन नोंदी केल्या. पेचकस भिकाजीचा होता. सोडवलेही त्यानंच, कारण दुसऱ्या कुणाच्या हातून चांदीला ओरखडा गेला असता.

सुटका काही लगेच झाली नाही. दोघांवरही केस झाली. फुलाआजीवर शिंग ठेवल्याची, भिकाजीवर ठेवल्याची आणि खोटं सांगितल्याची. यादी अडकली. पावसाळा तोंडावर आला आणि बाकीची चार घरं उठून गेली, तेव्हा त्या रिकाम्या वाडीत एकच चूल पेटत होती. भिकाजी गॅरेज बंद करून आठवड्यातून दोनदा तांदूळ-मीठ घेऊन तिकडं जायचा. मयूरी पहिले काही आठवडे त्याच्याशी बोललीच नाही. पिशवी घ्यायची आणि आत जायची. ते त्याला सोसावं लागलं. तालुक्याच्या कोर्टात सात तारखा झाल्या. आठव्या तारखेला म्हातारीचं वय, वस्तूचं साल आणि आपणहोऊन जमा केल्याची मॅडमनं लिहिलेली नोंद बघून दोघांना ताकीद देऊन सोडलं. यादीत घराचं नाव परत आलं. शिंग सरकारकडं राहिलं. ते जाळलं, असं पुढं कानावर आलं. चांदी आणि कार्ड फुला वेळीप हिला परत द्यावं, असा हुकूम झाला.

रामनगरच्या कडेला त्यांचं नवीन घर उभं राहिलं तेव्हा म्हातारी शहाऐंशीची होती. मयूरीनं पट्टी आणि कार्ड काचेच्या चौकटीत बसवून दर्शनी भिंतीवर लावलं. चौकट भिकाजीनं करून दिली, खिळाही त्यानंच ठोकला.

“मामा,” मयूरी म्हणाली, “तुमच्याकडं दिलं तर नीट ऱ्हाईल, हे म्हाईत हाय मला. खरं आजी न्हाई म्हंत्या.”

“बरोबर म्हंत्यात,” भिकाजी म्हणाला. आणि हे म्हणताना त्याला वाईट वाटलं नाही असं नाही.

आता बेळगाव-गोव्याकडून कुणी हौशी माणूस त्याचा संग्रह बघायला आला, की पेट्या दाखवून झाल्यावर भिकाजी त्याला ओम्नीत घालून त्या घरी नेतो. फुलाआजी पडवीत बसून सगळं पहिल्यापासून सांगते. मोटारीचा रंग ती कधी हिरवा सांगते, कधी लाल. कार्डावर रंगाची नोंद नाही. भिकाजी शेजारी मांडी घालून ऐकत असतो. मधे बोलत नाही.